लाल वायरीला काळी

गाडीत स्पीकर बसवणाऱ्या माणसाला ‘ताई, तुम्हाला नाही कळणार’ असं म्हणायची परवानगी कोणी दिली, हे मला अजून समजलेलं नाही. मी एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक आहे. दोन रोध एकापुढे एक जोडले की त्यांची बेरीज होते आणि शेजारी शेजारी जोडले की एकूण रोध कमी होतो, हा प्रयोग अठरा वर्षं मी बारावीच्या मुलांना टेबलावर मांडून देते आहे. पोरं चुकतात, मी ओरडते, पोरं पुन्हा जोडतात. आणि तरी कामोठ्याच्या त्या दुकानात तीन आठवडे मी मान डोलावत उभी राहिले. त्या फिटरचा मला राग येतोच, पण माझा स्वतःचा त्याहून जास्त येतो.

गाणी ऐकायची हौस मला नाही. आमच्या कॉलनीत गाडी दणाणत गेली की खिडकीतून पहिली तक्रार माझी असते. सबवूफर, म्हणजे तो दणके देणारा मोठा स्पीकर, मला हवा होता तो बाबांसाठी.

बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात पत्रे कापायच्या मशीनवर आयुष्यभर राबले. कान तिथंच गेले. आधी हळू बोललेलं ऐकू येईना, मग हाका ऐकू येईनात, आणि गेली सहा वर्षं काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, कानाची नसच सुकली आहे, मशीन लावलं तर नुसती खरखर येईल. तशीच आली. बाबांनी ते मशीन आठ दिवस लावलं आणि डबीसकट कपाटात कपड्यांखाली ठेवून दिलं. तेव्हापासून घरात त्यांच्याशी बोलायचं ते वहीत, मोठ्या अक्षरांत लिहून. आमच्याकडे बापाला ‘तू’ म्हणतात. इथं लिहिताना मी अहोजाहो करते आहे, वहीत कधी केलं नाही.

लोखंड बाजार हे त्यांचं पोटापाण्याचं काम. त्यांची ओळख होती ढोलकीची. आम्हां आगरी लोकांत लग्नापेक्षा हळद मोठी, आणि आमच्या पाच-सहा गावांत हळद म्हटली की बाबांना न्यायला रिक्षा यायची. मशीनवर दिवसभर वाकलेला माणूस संध्याकाळी मांडवात ताठ बसायचा. कान गेल्यावर त्यांनी ढोलकी देऊन टाकली आणि हळदीला जाणंही सोडलं. ‘लोक माज्या तोंडाकडं बगत बसतान,’ एवढंच कारण सांगितलं. ते खरंही होतं. सगळे नाचत असताना न ऐकणारा एक माणूस खुर्चीत बसला की लोकांना त्याच्याकडे बघावंसं वाटतंच.

मग माझ्या भावाच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, लग्न ठरलं. ही पोरगी आजोबांच्या मांडीवर वाढलेली. बाबांनी जाहीर केलं, लग्नाला येईन, हळदीला घरात बसेन. भाचीनं वही ओढली आणि लिहिलं, ‘आजा, तू मांडवात नसशील तर मी हलद लावून घेनार नाय.’ बाबांनी वाचलं, वही मिटली आणि टीव्हीकडे तोंड केलं. आवाज बंद असलेल्या टीव्हीकडे. हळदीला दीड महिना होता, आणि आमच्या घरात त्यानंतर दुसरा विषय नव्हता.

बाबा गावी भावाकडे राहतात. दर रविवारी मी तिथं जाऊन त्यांना गाडीतून फिरवून आणते. त्या आठवड्यात कळंबोलीच्या सिग्नलला आमच्या शेजारी एक गाडी येऊन उभी राहिली. काळ्या काचा आणि आत धाडधाड. मी कपाळाला आठ्या घालून काच वर केली. बाबांनी पंजा डॅशबोर्डवर ठेवला. मग तर्जनी हलायला लागली, मग मधलं बोट.

“कोनतरी वाजवतंय,” ते म्हणाले.

सिग्नल सुटला तसं त्यांनी मला त्या गाडीच्या मागं जायला सांगितलं. मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा असल्या गाडीच्या मागं गेले. एक्सप्रेसवेच्या तोंडापर्यंत बाबा डॅशबोर्डवर ताल धरून होते. मग ती गाडी पुण्याच्या दिशेनं निघून गेली आणि त्यांनी हात मांडीवर घेतला.

माझ्या डोक्यात हिशेब पक्का झाला. गाडीत सबवूफर बसवायचा. बाबांना रोज थोडा वेळ बसवायचं. हाताला ताल कळतो याची त्यांना खात्री पटली की ते मांडवात येतील. दीड महिना भरपूर होता.

स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर घरातच होता. धाकट्या दिरानं आपली जुनी गाडी देऊन टाकताना काढून ठेवलेला. सबवूफर मी कामोठ्यातल्या दुकानातून आणला. आता गोष्ट साधी होती. ॲम्प्लिफायरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं की या जोडणीत चार ओहमच्या खाली जाऊ नका. म्हणजे पुढचा रोध त्यापेक्षा कमी झाला तर त्याला झेपणार नाही. सबवूफरमध्ये तारेची दोन वेटोळी, प्रत्येक दोन ओहमचं, आणि प्रत्येकाची एक लाल आणि एक काळी अशी टोकं बाहेर काढलेली. एकापुढे एक जोडली तर चार. शेजारी शेजारी जोडली तर एक. बारावीचा पेपर यापेक्षा अवघड असतो.

फिटर माझ्याच वयाचा, कानावर पेन्सिल आणि खांद्याशी धरलेला मोबाइल. मी त्याला कागद दाखवला. तो म्हणाला, दोन आणि दोन चार, झालं की. आणि असं म्हणत त्यानं दोन्ही लाल तारा एकत्र पिळल्या, दोन्ही काळ्या एकत्र पिळल्या आणि ॲम्प्लिफायरला जोडून टाकल्या. बेरीज एका जोडणीची केली आणि जोडणी दुसरी. मी म्हटलं, अहो, हे तर एक ओहम झालं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, साहेब येणार आहेत का गाडी न्यायला?

दुकानासमोर तो सबवूफर असा वाजला की समोरच्या क्लासची पोरं गॅलरीत आली. फिटर माझ्याकडे बघून हसला. मीही हसले, आणि तिथंच चुकले. खांदा कॉलनीचं वळण येईपर्यंत ॲम्प्लिफायरवरचा लाल दिवा लागला आणि सगळं गप्प झालं. हात लावून पाहिला तर चटका बसला.

दुसऱ्या खेपेला त्यानं तारा जाड केल्या. तिसऱ्या खेपेला मोठा फ्यूज टाकला. फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज, हे माझ्या लॅबमध्ये कोणी केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. इथं मी ‘बघा बाबा’ म्हणून बाजूला झाले. चौथ्या खेपेला त्यानं ॲम्प्लिफायरवर छोटा पंखा बसवून दिला. पंखा छान फिरत होता, दिवा लाल होता आणि डिकीतून जळका वास येत होता. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, आता मस्त वाजेल. प्रत्येक वेळी मी बाबांना घेऊन यायची आणि चार मिनिटांत त्यांचा हात परत मांडीवर जायचा. भावानं फोनवर सुनावलं की हे तुझं खेळणं आता पुरे कर, त्या माणसाला किती फिरवशील.

हळदीला आठ दिवस राहिले तेव्हा मी लॅबमधला मल्टीमीटर रजिस्टरमध्ये सही करून नेला आणि दुकानात फिटरच्या समोर तारांना लावला. काटा एकवर. मी म्हटलं, हे बघा. आता एका वेटोळ्याची लाल दुसऱ्याच्या काळीला जोडा आणि उरलेली दोन टोकं ॲम्प्लिफायरला द्या.

त्यानं दोन्ही हात मागं घेतले.

“लालला काळी? ताई, गाडी पेटेल. लालला लाल आणि काळ्याला काळी, आमच्या धंद्यात दुसरं काही नसतं. माझ्या दुकानात मी हे करणार नाही.”

त्या एका वाक्यात मला त्याचं सगळं शिक्षण दिसलं. कोणीतरी त्याला पहिल्या दिवशी हे सांगितलं होतं, बॅटरीच्या बाबतीत ते खरंही होतं, आणि त्यानंतर त्यानं कधी मागं वळून पाहिलं नाही. चिडून गाडी घेऊन घरी आले.

रविवारी सकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी स्वतः डिकीत शिरले. वॉचमन येऊन बघून गेला. दुसऱ्या मजल्यावरचे काका येऊन सल्ला देऊन गेले. मी तारा सोडवल्या आणि पुन्हा जोडल्या. आता जे केलं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, इथं सांगते. मी लालला काळी जोडली नाही. मी दोन काळ्या एकमेकींना जोडल्या आणि दोन लाल ॲम्प्लिफायरला दिल्या. एक तर अठरा वर्षं ज्या रोधांशी माझा संबंध आला त्यांना उजवं-डावं नसतं, कुठूनही जोडा, बेरीज तीच. आणि दुसरं म्हणजे, काळ्याला काळी बघायला बरी वाटली. ज्या माणसाला मी मनातल्या मनात अडाणी म्हणत होते त्याची भीती माझ्या हातात येऊन बसली होती.

मीटर लावला. तीन पूर्णांक सहा. वेटोळं मीटरवर थोडं कमीच दाखवतं, म्हणजे हे चारच झालं. गाडी सुरू केली, गाणं लावलं. दिवा निळा. दहा मिनिटं, वीस मिनिटं, दिवा निळाच. ॲम्प्लिफायर गार. गाणं झकास येत होतं. मला इतका आनंद झाला की मी तशाच काळ्या हातांनी गावी गेले आणि बाबांना गाडीत बसवलं.

बाबांनी पंजा डॅशबोर्डवर ठेवला. मग सीटखाली. मग दारावर. मी गाणं मोठं केलं, आणखी मोठं केलं. माझे कान दुखायला लागले. बाबा डोळे मिटून बसले होते आणि त्यांचं एकही बोट हलत नव्हतं. मग त्यांनी हात उचलून डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला.

“माना आता हातानंबी आयकू येत नाय गो,” ते म्हणाले.

ते दार उघडून उतरले आणि घरात गेले. मी काचा बंद करून रडले. दुःखानं कमी आणि संतापानं जास्त. कान गेलेल्या माणसाला मी त्याचे हातही गेल्याचं पटवून दिलं होतं, तेही गार ॲम्प्लिफायर आणि निळ्या दिव्यानिशी.

शेवटी डिकी उघडली. गाणं चालूच होतं. सबवूफरच्या पडद्यावर तळवा ठेवला तर तो पडदा हलतच नव्हता. मेलेला. सगळा आवाज दारांतल्या स्पीकरमधून येत होता आणि मूर्खासारखी मी त्यालाच सबवूफर समजले होते. मग डोक्यात उजेड पडला. एक वेटोळं पडदा बाहेर ढकलत होतं आणि दुसरं तेवढ्याच जोरानं आत ओढत होतं. रोधाला दिशा नसते, पण वेटोळ्याला असते. मीटरला दोन्हींत फरक कळत नाही. बाबांना कळला होता, आणि त्यांनी दोष मीटरला नाही, स्वतःला दिला होता.

भावाच्या अंगणात, त्याच्या शेजाऱ्यांच्या देखत, मी एका वेटोळ्याची टोकं उलटी केली. लाल वायरीला काळी. काही पेटलं नाही. पडदा असा उसळला की डिकीतली छत्री खाली पडली.

बाबा यायला तयार नव्हते. मी वहीत लिहिलं, ‘चूक माझी होती. तुझे हात चांगले हायेत.’ त्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचलं. मग आले, बसले, आणि मी गाणं सुरू करताच त्यांचा खांदाच हलला. पंजा सीटवर, मग दोन्ही पंजे. मग म्हणाले, ही ढोलकी नाय, मशीन हाय, पण बरं हाय. मी हसले. सहा वर्षांत त्यांनी कोणाच्या वाजवण्यात खोट काढली नव्हती.

“हलदीला येतो,” ते म्हणाले. “पन गारीतच बसन.”

मी घाईनं हो म्हटलं. काय कबूल केलं हे मला हळदीच्या दिवशी कळलं.

चारच्या सुमारास मी गाडी मांडवाला लावली, तोंड मांडवाकडे. बाबा नवा सदरा घालून पुढच्या सीटवर बसले, मी गाणी लावून दिली. लोक गाडीपाशी येऊ लागले. बायकांनी खिडकीतून हात घालून त्यांच्या गालांना हळद लावली. कोणी ताटलीत खायला आणून दिलं. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, काय पोरीनं बापासाठी केलंय. मी मान डोलावत होते आणि आतून जळत होते. बाबा पूर्वी खुर्चीत एकटे बसायचे, आता काचेमागं एकटे बसले होते. मला त्यांना मांडवात न्यायचं होतं आणि मी त्यांना मांडवाबाहेर चांगली जागा करून दिली होती. तीन आठवडे दिवा, फ्यूज, मीटर यांच्याशी भांडले आणि एवढं साधं दिसलं नाही. भाचीला पाटावर बसवलं होतं. तिनं दोनदा मान वळवून गाडीकडे पाहिलं.

तिसऱ्यांदा ती उठलीच. कपाळापासून पायापर्यंत हळद, अनवाणी. बायका ओरडल्या. हळद लागलेल्या नवरीनं मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नसतं, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. तिची आई मागं धावली. ही पोरगी सरळ गाडीपाशी आली, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि आजोबांच्या शेजारी बसली. माझं सीट कव्हर पिवळं झालं. बाबांनी हसून तिचा हात धरला आणि वाजतंय ते कळावं म्हणून सीटवर ठेवला. मग त्यांची नजर तिच्या हातावर गेली. मग तिच्या पायांवर. मग मांडवातल्या रिकाम्या पाटावर.

“हलद लागलेली पोर तू, भाएर कला आलीस?” ते इतक्या मोठ्यानं बोलले की मांडवातले लोक वळले. स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नाही.

पोरगी जागची हलेना. बाबा उतरले, गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला आले, तिचं मनगट धरलं आणि तिला चालवत मांडवात घेऊन गेले. पाटावर बसवलं. परत फिरणार तोच थांबले. मांडवात जमिनीवर फळ्या टाकल्या होत्या आणि कोपऱ्यात आमच्या गाडीच्या दसपट मोठे स्पीकर उभे होते. बाबांनी आपल्या पायांकडे पाहिलं. चपला काढून बाजूला ठेवल्या. मग ढोलकीवाल्याशेजारी जाऊन बसले, थोडा वेळ फळीवर हात ठेवून राहिले आणि त्याच्या मांडीवर थाप मारून काहीतरी म्हणाले. त्यानं लय उतरवली. बायकांचं गाणं त्या लयीत नीट बसलं.

मी गाडीपाशी एकटी उभी होते. दोन्ही दारं सताड उघडी, गाणं चालू, दिवा निळा, ॲम्प्लिफायर गार. चार ओहम, अगदी बरोबर. आणि आत कोणी नव्हतं.

मला पुन्हा राग आला. पण या वेळी तो कोणावर काढायचा हे माहीत होतं. गेल्या सहा वर्षांत मी त्या वहीत किती लिहिलं. ‘चल’ असंही लिहिलं, पुष्कळदा. हात धरून नेलं मात्र एकदाही नव्हतं.

मी गाडी बंद केली, चावी काढली आणि आत गेले.